काहिलीला झाकण नसतं

"बिस्किटं पार मऊ पडल्यात," माऊली पुतळाबाईच्या कानाशी पुटपुटला. "शनवारची कामं टाकून मिटिंगला यायचं आन् वर ही असली बिस्किटं. गेल्या टायमाला खारी तरी व्हती."

पुतळाबाईनं नुसती मान हलवली. बिस्किटं का मऊ पडली हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काल सकाळी पलीकडच्या शेडमधून वाफेचा लोट भिंतीतल्या जाळीतून ऑफिसात घुसला आणि थेट कपाटातल्या पुड्यापर्यंत पोचला. तेव्हापासून शेडच्या पत्र्याला परातीएवढं भोक होतं. त्या भोकातून उन्हाचा एक वेडावाकडा तुकडा ऑफिसच्या दारात येऊन पडला होता, आणि मिटिंगला आलेला प्रत्येक जण, सांडलेलं पाणी चुकवावं तसा, तो चुकवून आत आला होता. भोकाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. विश्वजीतनं छापून आणलेल्या कागदावर त्याला 'विषय क्रमांक तीन : किरकोळ दुरुस्ती' असं म्हटलं होतं.

राहू गावातली ही रंभाई शेतकरी उत्पादक कंपनी. उसाच्या रसापासून गुळाची पावडर करायची, पिशव्यांत भरायची, परगावी धाडायची. संचालक सहा. ते सहा कसे जमले हे आधी सांगायला हवं.

चेअरमन मारुतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा. सत्तरीला टेकलेले, आवाज अजून बांधावरून बांधावर जाणारा. कंपनीला नाव त्यांच्या आईचं. माऊली त्यांचा चुलतभाऊ. मच्छिंद्र त्यांच्या बहिणीचा मुलगा. विश्वजीत थोरला पुतण्या, तो बी.कॉम. झालेला म्हणून सीईओ. एक बाई असायला हवी म्हणून पुतळाबाई. ती भावकीतल्याच कोंडिबाची बायको, सातवी शिकलेली, सही ठसठशीत करणारी. आणि फॉर्मात 'तज्ज्ञ संचालक' असा एक रकाना मोकळा राहत होता, तो भरायला गौतमी. बुद्धविहाराच्या आळीतल्या नवनाथ मास्तरांची मुलगी. नदीपलीकडं शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एका कारखान्यात ती बॉयलरवर नोकरीला होती आणि राहायला कारेगावात. "गावातलीच हाय, भत्ताबी मागायची न्हाई," असं म्हणून विश्वजीतनं तिचं नाव घातलं होतं. गेल्या आठ महिन्यांत मिटिंगची नोटीस तिला दर वेळी मिटिंग उरकल्यावर पोचली. या खेपेला पुतळाबाईनं काल दुपारी तिला फोन केला होता. हे पुतळाबाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण तो का केला हे तिनं स्वतःलाही धडपणे विचारलं नव्हतं.

चौघा पुरुषांचा जन्म गुऱ्हाळावर गेलेला. गुऱ्हाळ म्हणजे चुलवाणात पेटलेली उसाची चिपाडं, वर ती भलीमोठी उघडी काहील, काहिलीत उसळणारा रस, आणि धुरात वावरणारी माणसं. या चौघांच्या अंगाला अजून तो वास होता. आबांची तर गोष्टच वेगळी. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गुऱ्हाळाच्या चिपाडाच्या गंजीला आग लागली. सगळे मागं पळाले. आबा पुढं पळाले. पेटती गंजी त्यांनी दाताळ्यानं ओढून मधोमध फोडली, आणि गुऱ्हाळ वाचलं. उजव्या हाताची कातडी तेव्हापासून कोपरापर्यंत आवळलेली. पुढं एका साली गुळाला कुणी विचारेना, आसपासच्यांनी गुऱ्हाळं बंद केली, तेव्हा आबांनी दुसरी काहील चढवली आणि वर्षभरात गुळाला भाव आला. तेव्हापासून भावकीला एक गोष्ट पक्की कळली होती : आबा पुढं जातात, आणि आपण डोळे मिटून त्यांच्या मागं गेलो की भलं होतं. तीस वर्षं हे खरंच ठरत आलं होतं, हीच तर पंचाईत होती.

आबांच्या धाडसाला आधार होता तो कोंडिबाचा. कोंडिबा गुळव्या. गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. काहिलीतल्या बुडबुड्यांच्या आवाजावरून तो सांगायचा की आता चूल मंद करा. उकळत्या पाकातली चिमूट बोटांनी उचलून पाण्यात धरायचा, गोळी वळायचा, आणि म्हणायचा, "उतरवा." त्याचं 'उतरवा' कधी चुकलं नाही. दौंडापासून केडगावापर्यंत लोक त्याला बोलवायला गाडी पाठवायचे. त्यामुळं शिरूरच्या पुढं कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतून आबांनी जुना बॉयलर उचलून आणला, तेव्हा तो कोण चालवणार असा प्रश्नच आला नाही. "कोंडिबा हाय की," आबा म्हणाले. "चुलीतला इस्तू त्याच्याशी बोलतो."

कोंडिबा तेव्हा काहीच बोलला नव्हता. सगळ्यांना तो होकार वाटला. पुतळाबाईलाही.

आणि पुतळाबाई तरी काय बोलणार? आबा तिचे नात्यानं थोरले दीर. या घरात आल्यापासून बत्तीस वर्षांत ती त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. पदर पुढं ओढायचा, भिंतीकडं बघायचं आणि जे काय असेल ते मधल्या माणसाला सांगायचं. कंपनीतही तसंच. "विश्वजीत, आबांस्नी म्हणावं च्या गार व्हतोय," एवढंच काय ते तिचं आजवरचं संचालकपण. एरवी मिटिंग तिच्याकडं चालत यायची. विश्वजीत मोटारसायकलवरून रजिस्टर घेऊन दारात यायचा, ती पिठाचे हात पुसायची आणि कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायची. वर काय लिहायचं ते तो नंतर निवांत लिहायचा. सगळ्यांच्या घरी असंच. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. भावकीत सही मागायची आणि वर वाचून बघायचं म्हणजे चहा देऊन कपात किती साखर घातली ते सांगण्यासारखं.

काल, शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला पुतळाबाईनं कोंडिबाला फोन लावला होता. कारण साधंच : डबा घरीच विसरून गेला होता. शेडमध्ये रेंज धड येत नाही म्हणून तो बोलायला बाहेर आला, बाभळीखाली. ती त्याला झाडत होती. डबा इसरता, बंडी इसरता, एक दिवस मला इसराल. आणि फोनमधून एकदम असा आवाज आला की तिच्या हातातला फोनच पडला. वाफेच्या नळीचा जोड फुटला होता. जोडाची लोखंडी चकती कोंडिबाच्या बसायच्या लाकडी स्टुलाचे दोन तुकडे करून, वरचा पत्रा फाडून कालव्यापलीकडं उसात जाऊन पडली. पुतळाबाई धावत शेडवर गेली तेव्हा कोंडिबा बाभळीखाली तसाच उभा होता, फोन कानाला लावून. तिनं ते स्टूल पाहिलं. बसायची फळी मधोमध उभी चिरली होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या कुरकुरीचा कुणाला उपयोग झाला तो हा पहिल्यांदाच.

ते चिरलेलं स्टूल आत्ता, या मऊ बिस्किटांसमोरही, तिला दिसत होतं. कोंडिबा ऑफिसच्या दारात उकिडवा बसला होता. संचालक नाही म्हणून खुर्ची नको म्हणाला. उन्हाचा तो तुकडा नेमका त्याच्या पायांवर होता.

"तर मंडळी," विश्वजीतनं घसा खाकरला. "ऑर्डर आपली पन्नास टनांची. कंटेनर येणार वीस तारखेला. आज बारा. जोड नवा बसवला की उद्यापासनं प्लँट चालू. आठ दिवसांत मॅनेज होतं."

"व्हतंय की," मच्छिंद्र म्हणाला.

"व्हायलाच पायजे," माऊली म्हणाला आणि मऊ बिस्कीट तोंडात टाकलं.

बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला. ती व्यक्ती लगेच आत आली नाही. आधी शेडमध्ये गेली. जाळीतून पावलं ऐकू येत होती. लोखंडी शिडी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. विश्वजीत उगीचच कागद जुळवत राहिला. मग गौतमी दारात आली. रात्रपाळी करून तशीच निघालेली, डोळे लाल, कारखान्याचा निळा शर्ट अंगात. उन्हाचा तुकडा तिनं चुकवला नाही, त्याच्यावर पाय देऊन आत आली. दोन्ही हातांत तिनं काहीतरी जड धरलं होतं. ते तिनं बिस्किटांच्या बशीशेजारी टेबलावर ठेवलं. टेबल हललं, चहा बशांत सांडला.

दहा किलोचं लोखंडी माप होतं ते. जुन्या तराजूचं. त्याला तारेचा आकडा केलेला.

"हे आमचं माप," आबा म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाल्यासारखा दिसला. "आमच्या पहिल्या गुऱ्हाळावरचं. कुठं घावलं गं तुला?"

"बॉयलरच्या डोक्यावर," गौतमी म्हणाली. "दांडीला टांगलेलं."

मच्छिंद्रनं बशीत सांडलेला चहा कपात ओतला.

"म्हंजी काय झालं?" माऊलीनं विचारलं. विचारायचं म्हणून.

"काका, बॉयलरला एक दांडी असते. दांडीला ठरलेलं वजन. आत वाफ जास्त झाली की ती दांडी आपोआप वर उचलली जाते, जादा वाफ फुसकन बाहेर जाते, दांडी परत बसते. त्या दांडीला कुणीतरी हे दहा किलो आणखी बांधलंय. म्हणजे वाफ वाढतच राहणार आणि दांडी वर जाणारच नाही."

"ते आम्हीच बांधाय सांगितलं," आबा शांतपणे म्हणाले. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. "सारखी फुसफुस चालली व्हती. वाफ फुकट जाती. वाफ जाती म्हंजी चिपाड जातं. काहिलीखालचा जाळ कुणी असा वाऱ्यावर सोडतं का?"

"आबा, काहिलीला झाकण नसतं," गौतमी म्हणाली. "काहिलीत कितीही जाळ घातला तर काय होईल? रस उतू जाईल, करपेल. काहील फुटत नाही. हे बंद भांडं आहे. काल तो जोड फुटला म्हणून वाफेला वाट मिळाली. जोड पक्का असता ना, तर बॉयलर फुटला असता. मग ही भिंत राहिली नसती. आणि ही मिटिंग काल असती तर या खुर्च्यांवर..." तिनं पुढचं सोडून दिलं.

"आता आमाला इस्तू शिकवाय..." माऊली म्हणाला, आणि त्यानंही पुढचं सोडून दिलं. त्यानं सोडलेलं काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. गौतमीला तर सगळ्यांत आधी. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

ती पुतळाबाईकडं वळली. "काकू, तुम्ही सांगा. कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवला तर?"

"अगं बाई!"

हे पुतळाबाईच्या तोंडून निघून गेलं. मोठ्यानं. तिचा हात तोंडावर गेला. डोळ्यांपुढं स्वयंपाकघर आलं, ओट्यावरचा पाच लिटरचा कुकर आला, आणि शिट्टीवर घट्ट बसलेला तो काळा वरवंटा. मग त्या कुकरचा बघता बघता हत्तीएवढा बॉयलर झाला, आणि त्याच्यापुढं स्टुलावर पाठमोरा बसलेला माणूस तिला दिसला.

पुरुष हसले. मच्छिंद्र तर टेबलावर थाप मारून. "कुकर! पन्नास टनाची ऑर्डर आन् हिकडं कुकर!"

"मच्छिंद्र भाऊ, तुम्ही कधी कुकर लावलाय?" गौतमीनं विचारलं.

"आमी कशाला लावतोय."

"आबा?"

या खोलीत बंद भांड्यात वाफ कोंडून रोज तिच्याशी व्यवहार करणाऱ्या दोघीच होत्या, आणि त्यातली एक बत्तीस वर्षं भिंतीकडं तोंड करून बोलत होती.

गौतमीनं भिंतीवर बोट दाखवलं. तिथं काचेच्या चौकटीत एक सर्टिफिकेट लावलेलं होतं. "बॉयलर चालवायचा परवाना या गृहस्थांच्या नावाचा आहे. हे कुठं असतात?"

"दौंडात," मच्छिंद्र म्हणाला. "फोन केला का येत्यात."

"काल केला?"

मच्छिंद्र पंख्याकडं बघू लागला. त्या माणसाला गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. फक्त त्याचं सर्टिफिकेट राहायला आलेलं होतं.

"मग चालवतं कोण?"

"हे बघा मॅडम," विश्वजीत म्हणाला, "ते सगळं रीतसर आहे. ठराव झालाय. ठराव क्रमांक अकरा." आणि त्यानं रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. इतक्या आत्मविश्वासानं सरकवलं की वाचलं जाईल हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

गौतमीनं ते वाचलं. मोठ्यानं वाचलं.

"'बॉयलरची सर्व तांत्रिक जबाबदारी श्री. कोंडिबा यांची राहील. त्यांना अग्नी व उष्णतेच्या कामाचा चाळीस वर्षांचा अनुभव असून बॉयलरची त्यांनी स्वतः पाहणी करून तो सुरक्षित असल्याची खात्री दिली आहे. काही बरेवाईट घडल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. सूचक श्री. माऊली. अनुमोदक...'" ती थांबली. मग हळू म्हणाली, "'अनुमोदक सौ. पुतळाबाई.'"

पुतळाबाईनं हात पुढं केला. रजिस्टर स्वतःकडं ओढलं. सही तिचीच होती. ठसठशीत. 'बा'च्या कान्याजवळ पिठाचा एक पांढरा ठिपकासुद्धा वाळून बसलेला. त्या दिवशी भाकरी थापत होती ती. विश्वजीत दारात म्हणाला होता, "काकू, पटकन. आबा थांबलेत." आणि तिनं पटकन केली होती. नवऱ्याचा जीव कागदावर कुणाच्या तरी नावे करून द्यायचा होता, आणि तिनं त्याला अनुमोदन दिलं होतं, चुलीवरची भाकरी करपू नये म्हणून घाईत.

"ह्ये कवा लिवलं?" ती विश्वजीतला म्हणाली.

"काकू, फॉरमॅट असतो तो. ऑडिटला लागतं. दर कंपनीत आसंच आसतं."

"ह्येंनी खात्री दिली? कवा दिली?"

"आता कोंडिबाकाकांनी न्हाई म्हटलं का कधी?"

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. कोंडिबा पायांवरच्या उन्हाकडं बघत होता. दोन्ही हात काखेत दाबून धरलेले.

आबा उठले. खुर्ची मागं सरकली. आबा उठले की बाकीचे आपोआप ताठ बसायचे, तसे बसले.

"पोरी, तू शिकलेली हायस," ते गौतमीला म्हणाले, आणि आवाजात खरी माया होती. "तुमच्या कारखान्यात नियम आसत्यात, आसावंत. पर आमी भिऊन धंदा केला नाय. भ्यालो आसतो तर," त्यांनी आवळलेला उजवा हात वर धरला, "ह्यातलं काय बी आज उभं नसतं. ऑर्डर गेली तर पुन्ना येत न्हाई. दीडशे घरांचा ऊस हाय आपल्यावर. तवा माझं ऐका. जोड बसवा. उद्या प्लँट चालू. बॉयलरचे सरकारी साहेब तपासणीला यायचे ते वीस तारखेनंतर येऊ द्या. आन् माप काढलंय तर ऱ्हाऊ द्या काढलेलं, पर फुसफुस वाढली का पुन्ना लावू. कोंडिबा बगंल." ते थांबले. "आन् कुणाच्या मनात भ्या नको म्हणून सांगतो. उद्या बॉयलरपाशी कोंडिबाशेजारी मी सोता बसनार. दिसभर."

खोलीतली हवाच बदलली. माऊलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मच्छिंद्र म्हणाला, "ह्याला म्हणत्यात चेअरमन." या माणसापुढं आता हरकत कोण घेणार? जो स्वतः जळायला तयार आहे त्याला 'जळू नका' म्हणणं म्हणजे भेकडपणा, एवढंच या खोलीला शिकवलेलं होतं. पुतळाबाईच्या मनात आलं, काल एक स्टूल मोडलं. उद्या दोन मांडणार.

"माझी हरकत लिहा," गौतमी म्हणाली.

"लिहितो," विश्वजीत म्हणाला आणि लिहिलं नाही. "बाकी कुणाची काय हरकत?"

"आबा म्हणतील तसं," माऊली म्हणाला.

"आबा म्हणतील तसं," मच्छिंद्र म्हणाला.

"कोंडिबा," आबांनी दाराकडं हाक दिली, "बसायचं नव्हं उद्या, दोघांनी? जुन्यासारखं?"

"बसू की," कोंडिबा म्हणाला.

आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. बाकीच्यांना कळलं नसेल. पुतळाबाईला कळलं. आणि त्या आवाजाबरोबर तिला पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ आठवली. ती वरणाचा कुकर लावत होती आणि कोंडिबा स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला होता, कुकरसमोर. जन्मात कधी न बसणारा माणूस. एकटक बघत. पहिली शिट्टी झाली तसा दचकला होता.

"शिट्टी वाजायच्या आदी," त्यानं विचारलं होतं, "आत काय चाललंय ते तू कसं वळखतीस?"

ती हसली होती. "तुमी येवढे गुळवे, आन् मला इचारताय?"

"तसं न्हाई. आत दिसत न्हाई नव्हं काय. बुडबुडा न्हाई, वास न्हाई. हात घालून बगता येत न्हाई."

"दिसत न्हाई म्हणून तर शिट्टी आसती," ती म्हणाली होती, आणि कोथिंबीर निवडायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तो परत येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. बोटांवर शिट्ट्या मोजत. तिला वाटलं होतं, भूक लागली असेल.

आत्ता, टेबलावरच्या त्या मापाकडं बघताना, ते तिच्या डोक्यात लख्ख उभं राहिलं, आणि काल फोनमध्ये ऐकलेल्या आवाजापेक्षा ते मोठं होतं. हा माणूस पंधरा दिवस तिच्या कुकरपुढं शिकवणीला बसत होता. दौंड तालुक्यातला एक नंबरचा गुळव्या. आबा माप बांधा म्हणाले तेव्हा त्यानं ते बांधलं, कारण बांधू नये हे सांगायला जे कळावं लागतं ते त्याला कळत नव्हतं. आणि कळत नाही हे तो सांगू शकत नव्हता, कारण आबांची सगळी हिंमत, या सगळ्यांच्या होकाराच्या माना, ती पन्नास टनांची ऑर्डर, सगळं 'कोंडिबा हाय की' या तीन शब्दांवर उभं होतं. आबांना हे ठाऊक नव्हतं का? माऊलीला? परवा कोंडिबा बॉयलरवरचा दाब दाखवणारा, घड्याळासारखा काटा बघताना चष्मा पुसत होता, पुन्हा पुसत होता, ते मच्छिंद्रनंही बघितलं होतं. कोंडिबाचा चहा घेऊन तोच गेला होता. आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, "कोंडिबामामा आजकाल थकल्यागत दिसत्यात." थकल्यागत.

"सर्वानुमते मंजूर," विश्वजीत लिहिता लिहिता म्हणाला. या वेळी वर लिहून मग खाली सह्या, गौतमी समोर होती म्हणून. रजिस्टर माऊलीकडून मच्छिंद्रकडं, मच्छिंद्रकडून पुतळाबाईपुढं आलं. पेन मधे ठेवलेलं. 'अनुमोदक' शब्दापुढची जागा तिच्यासाठी मोकळी सोडली होती.

तिनं पेन उचललं. दाराकडं बघितलं.

कोंडिबा तिच्याकडंच बघत होता. उकळत्या पाकात बोटं घालणारे ते हात काखेतून निसटून गुडघ्यावर आले होते. तिला काय कळलं ते त्याला कळलं होतं. त्यानं मान हलवली. इतकी हळू की दुसऱ्या कुणाला दिसू नये. नको. बोलू नको. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

चाळीस वर्षांचं नाव. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? जमीन वीस गुंठे, दोन बंड्या आणि ते नाव. ते या खोलीत, भावकीसमोर, गौतमीसमोर मोडलं तर तो घरी येऊन तिच्या हातचं जेवेल की नाही, पुन्हा तिला फोनवर झाडू देईल की नाही, तिला माहीत नव्हतं. आणि मोडलं नाही तर उद्या सकाळी तो डबा घेऊन निघेल. उद्या विसरणार नाही. ती स्वतःच आठवणीनं देईल.

तिनं पेनाला टोपण लावलं. टक्कन आवाज झाला.

"काकू, सही," विश्वजीत म्हणाला.

पुतळाबाई उभी राहिली. सवयीनं पदर पुढं ओढायला हात वर गेला, आणि तो तिनं अर्ध्यातून खाली घेतला. भिंतीकडं वळली नाही. विश्वजीतकडं वळली नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं थोरल्या दिराच्या तोंडाकडं सरळ बघितलं. त्यांचे डोळे घारे होते. हे तिला आज कळलं. आबाच आधी गडबडले, आणि त्यांनी आवळलेला हात उगीच पाठीमागं घेतला.

"आबा," ती म्हणाली. टोपण लावलेलं पेन तिनं टेबलावर, त्या मापाशेजारी ठेवलं.

"आबा, ह्येंना त्यातलं काय बी कळत न्हाई. तुमालाबी कळत न्हाई. आन् हितं बसलेल्या समद्यांना हे पयल्या दिवसापासनं ठावं हाय."